एकच फरशी

साहेबांनी पिशवीत हात घातला, फरशी काढली, आणि एकच काढली.

समोर बसलेल्या बाईंनी वाकून त्यांच्या मांडीखाली पाहिलं.

या खेळातली फरशी म्हणजे जाड पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा. कुठल्यावर रस्ता, कुठल्यावर नदी, कुठल्यावर गावाची तटबंदी. रस्त्याला रस्ता, नदीला नदी जुळवत टेबलावर मुलूख वाढवायचा; ज्याची तटबंदी आधी पुरी होईल त्याचं गाव. पाळीला एक फरशी, एवढाच नियम. साहेब दोन काढत. एक टेबलावर मांडत, दुसरी मांडीखाली सारत.

जन्मभर वजनमापं तपासायची नोकरी केलेला माणूस. त्यांची चाहूल लागली की बाजारातले तराजू आपोआप समतोल होत. घरी मात्र लबाडी केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. बाई रोज पकडत. साहेबांनी एकदाही गुन्हा कबूल केला नव्हता. "हिला पाय फुटले वाटतं," असं म्हणत, आणि डावी भुवई टुणकन वर चढे. त्या भुवईवर संसार चालला होता.

आज मात्र साहेब पाळीमागून पाळी एक काढत होते, एक मांडत होते. धुतल्या तांदळासारखे.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग खेळा ना नीट."

"नीटच तर खेळतोय."

तेच तर. काल साहेबांनी धाकटीला फोनवर थोरलीच्या नावाने हाक मारली. ते सगळेच बाप करतात. परवा ते स्वतःच्याच फाटकासमोर उभे राहून बराच वेळ पाटी वाचत होते; ऊन फार आहे म्हणाले. दोन्हीवर बाईंनी पांघरूण घातलं होतं. पण लबाडी करायची विसरले?

"आतला नळ ठिबकतोय का बघा हो." फाटकापर्यंत पाठवायची त्यांची छाती नव्हती.

साहेब आत गेले. बाईंनी पिशवी उघडून सरळ आत डोकावून पाहिलं, बुरुजाची फरशी निवडली, साहेबांच्या तटबंदीला हवी होती तीच, आणि त्यांच्या खुर्चीवरच्या उशीखाली सारली. जन्मातली पहिली लबाडी. घाईत पिशवी सांडता सांडता राहिली. साहेबांचा हात या कामात कधी चुकला नव्हता. शेवटी सराव लागतो.

"नळ बंद आहे," साहेब येऊन बसले.

"उठा!" बाई कडाडल्या. आवाज रोजचाच निघाला, हे नशीब. "उठा म्हणते ना! दरोडेखोर कुठले!"

साहेब उठले. बाईंनी उशी उचलली. मग त्यांच्या डाव्या भुवईकडे बघत राहिल्या. म्हणा, पाय फुटले म्हणा.

साहेबांनी फरशी उचलली, उलटी केली, सुलटी केली. एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. खोट्या वजनासकट पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा बाईंनी कधी पाहिला नव्हता. आज पाहिला.

"ठेवली असेल गं," ते हळूच म्हणाले. "मीच ठेवली असेल."

भुवई जागची हलली नाही.

फरशी परत करायला त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो हात धरला आणि तसाच टेबलाकडे वळवला.

"मांडा," त्या म्हणाल्या. "तुमचीच पाळी आहे."

पाळी बाईंची होती. फरशी हातात धरून साहेब नदीकाठाने, रस्त्यारस्त्याने तिची जागा शोधू लागले. तटबंदीत एकच खिंडार उरलं होतं, अगदी त्यांच्या नाकासमोर.