ओ कुणी दिली?

"सोन्या! ए सोन्या! अरे इकडे बघ, आई इकडेय!"

आईनं मागून परत हाक मारली. सोन्या ढिम्म. बाबाच्या मांडीवर बसून रबराचं बदक चघळतोय, लाळेची धार बाबाच्या पँटवर. मान एवढीशीही वळली नाही. समोर डॉक्टरबाई हनुवटीला पेन टेकवून बघतायत.

झालं काय, की रविवारी सासूबाईंनी पोराला बागेत फिरवून आणलं. परत आल्यावर दारातच म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका, पण पोराला ऐकू येतं ना? एवढ्या हाका मारल्या, एकदा वळून बघितलं नाही त्यानं." बस. तेव्हापासून बाबाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. कारण बायको परत नोकरीवर जायला लागल्यावर पोराला सांभाळायला रजा काढून घरी बसला होता तो स्वतः. पोराचं काही चुकलं असेल, तर त्याच्याच हातून चुकलं होतं.

डॉक्टरबाईंनी पोराच्या मागे जाऊन वाटीवर चमचा वाजवला. टिंग! सोन्यानं झटकन वळून बघितलं. दुसऱ्या बाजूनं टिंग! तिकडेही बघितलं.

"कान उत्तम आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. बायकोनं डोळे पुसले. पण डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. "पण मग नावाला ओ का देत नाही? या वयात द्यायला हवी. झोप कशी आहे?"

झोप म्हटल्यावर बाबाला जरा हुरूप आला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. टोलेजंग इमारतींच्या अडकलेल्या लिफ्ट त्याच्या हाताखाली गरीब गायीसारख्या चालायच्या. त्यामुळे पोर झाल्यावर त्यानं घरात यंत्रांची फौजच उभी केली होती. बाटली गरम करणारं यंत्र. ओला झाला की घंटी वाजवणारा डायपर. भिंतीवर कॅमेरा. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे आपोआप झुलणारा पाळणा. त्यानं बंद केलेला फोन चालू केला आणि पाळण्याच्या ॲपमधला झोपेचा आलेख डॉक्टरबाईंना दाखवला. डॉक्टरबाईंनी तो चष्म्यावरून पाहिला, फक्त "बरं" म्हणाल्या. फोन शर्टाच्या खिशात गेला.

"आता आईच्या मांडीवर द्या त्याला. बाबा, तुम्ही मागे दाराशी जा आणि हाक मारा."

बाबा दाराशी गेला. घसा खाकरला.

"सोन्या!"

"हो, बोला!" शर्टाचा खिसा म्हणाला.

सोन्या वळला. बाबाकडे नाही, खिशाकडे. आणि बसल्या जागी पुढे-मागे झुलायला लागला.

"हे कोण बोललं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाबाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग एकेक सांगावं लागलं. पाळणा हाकेवर चालतो, आणि ॲप चालू असलं की फोनही ओ देतो. हाकेचा शब्द आपणच ठरवायचा असतो. पोराचा पाळणा, म्हणून यानं हौसेनं शब्द ठेवला सोन्या. त्यामुळे घरात कुणी लाडानं सोन्या म्हटलं की पाळणा "हो, बोला" म्हणतो आणि झुलायला लागतो. झोपलेलं पोर दचकून उठतं. शब्द बदलायला गेलं की पाळणा म्हणतो, माफ करा, समजलं नाही. शेवटी यानं घरात सोन्या म्हणायलाच बंदी केली. झुलवायचं असेल तरच म्हणायचं.

"म्हणजे त्याला वाटतंय सोन्या हे पाळण्याचं नाव आहे!" बायको उसळलीच. "धन्य आहे तुझी! नाव पोराचं ठेवलं आणि ओ देतोय पाळणा! मग माझ्या पोराचं नाव काय? घरात त्याला कुणी कशानं हाक मारतं तरी का?"

"हो, बोला!" खिसा परत म्हणाला. त्यानं चिडून खिशातून फोन काढला, तो बंद करायला गेला, बोट भलतीकडेच लागलं आणि फोन मोठ्यानं अंगाईच वाजवायला लागला.

"अरे यार!"

सोन्याची मान गर्रकन वळली. थेट बाबाच्या तोंडाकडे. तोंडातलं बदक खाली पडलं. बोळकं पसरून असा हसला, असा हसला, की दोन्ही हात पुढे करून आईच्या मांडीवरून निसटायलाच लागला.

बाबानं कसाबसा फोन गप्प केला.

"परत म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता म्हणालात तेच. तिकडच्या खिडकीपाशी जाऊन."

बाबा खिडकीपाशी गेला. कुणी ऐकेल की काय अशा भीतीनं पुटपुटला, "अरे यार?"

सोन्या लगेच तिकडे वळला. पाय नाचवायला लागला.

"अगं बाई!" बायकोनं कपाळाला हात लावला. "दिवसभर दुसरं ऐकतो काय तो? बाटली जास्त तापली, अरे यार. डायपरची घंटी वाजलीच नाही, अरे यार. कॅमेरा बंद पडला, अरे यार. मी ऑफिसातून फोन केला की मागे हेच चालू असतं!"

बाबाचे कान लाल झाले. आवाज चिरकला.

"म्हणजे मी दिवसभर वैतागायचो, आणि हा ते आपलं नाव समजत होता?"

डॉक्टरबाईंनी खाली पडलेलं बदक उचललं, धुतलं, सोन्याच्या हातात दिलं.

"वैताग त्याच्यापर्यंत कुठे पोचलाय?" त्या म्हणाल्या. "त्यानं एवढंच ऐकलं, की बाबा मला यार म्हणतो."