मंगळुरूचा आराम

"नीला, यंदा तुला तीन दिवस पूर्ण आराम. आपण खास खायला मंगळुरूला जातोय," सुधीरने बायकोला सांगितलं. महिनाभर व्हिडिओ बघून त्याने नीर डोसा, कोरी रोटी, घी रोस्ट अशी भलीमोठी यादी केली. भिवंडीत घराजवळच मानकोलीच्या गोदामातली ड्युटी करून दोन्ही वेळचं रांधणाऱ्या नीलाने हौसेने रजा टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "हॉटेल कोणतं घेतलंय?"

"हॉटेल कशाला? किचनवाला फ्लॅट घेतलाय. मासळी मी निवडून आणेन, कृतीही वाचून दाखवेन. तू फक्त करायचं. बाहेरचं मला सोसत नाही, माहितीये ना?"

 

दुसऱ्या दिवशी सुधीर एकटाच मंगळुरूला गेला, आणि नीला तीन दिवस दोन्ही वेळा भिवंडीतच हॉटेलात जेवली.