नकार द्यायला मोटार

नकार द्यायचा हे अंबाजीने नक्की केलं होतं. अडलं होतं ते एवढंच, की नकार द्यायला जायचं कशाने.

स्थळ तसं वाईट नव्हतं. मुलगा रामचंद्र कामाचा, हाताला घट्टे पडलेला, मोजकं बोलणारा. पण लेकीला, सगुणेला, बघायला पोयनाडची ती मंडळी आली मोटारीतून. काळी, ऐसपैस मोटार चौलच्या अरुंद आळीत शिरली आणि अंबाजीचा विचार फिरला. त्याचं घर चालायचं चार खाचरांवर आणि मागच्या पोफळींवर. मोटारवाले व्याही मांडवात काय काय मागतील, आणि नाही मिळालं तर पोरीला जन्मभर काय काय ऐकवतील! एरवी साऱ्या चौलात मोटारीवाचून कुणाचं अडत नव्हतं. अडलंच तर सोयरिकीच्या बैठकीत.

"मला काय मोटारीत नांदायचं हाय?" सगुणा चुलीपुढून म्हणाली. "घरातच ना? माणूस बरा हाय."

"तू गप ग," अंबाजी म्हणाला. पोरीचं मन बसलंय हे त्याला कळलं, म्हणून तर त्याने जास्तच घाई केली.

पायी जाऊन नकार दिला तर लोक म्हणणार, झेपलं नाही. मोटारीतून उतरून दिला तर म्हणणार, मनास आलं नाही. हा हिशोब करून त्याने अलिबागला निरोप धाडला आणि भाड्याची मोटार मागवली.

मोटार आळीत शिरली तेव्हा त्याला वाटलं, तीच मंडळी परत आली. आत एकटा ड्रायव्हर कोंडाजी होता. तो मान बाहेर काढून हसला.

"परवा तुमच्याकडंच आलो होतो की, पोयनाडकरांना घेऊन!"

"म्हंजे ही त्यांची न्हाय?"

"त्यांची? अवो, त्यांची बैलगाडी हाय. धर्माजीबुवा वाटभर घाम पुशीत होते. म्हणे, चौलची माणसं बागायतवाली. बैलगाडीनं गेलो तर दारात उभं करायची न्हाईत."

अंबाजी आत बसला. फसवलं म्हणून चिडावं, तर आपणही बसलोय त्यांच्याच गादीवर. हसावं, तर त्यांनी सांगितलेल्या जमिनीचंही उद्या असंच निघालं म्हणजे? कोंडाजीची टकळी चालू होती. अंबाजी मनात एकच वाक्य घोकत होता: मुलगी अजून लहान आहे.

पोयनाडला मुलाचा बाप धर्माजी अंगणात भात वाळत घालत होता. मोटार ओळखली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडे बैलाला धरून उभा असलेला रामचंद्र मात्र पुढे आला.

"आमची न्हाय ती, मामा," तो म्हणाला. "त्याच दिवशी सांगणार होतो. बापूंनी शपथ घातली."

धर्माजीने खाली बघितलं. अंबाजी खाली उतरला, घसा खाकरला. घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. मग त्याने वळून मोटारीचं दुसरं दार उघडलं.

"बसा व्याही. चौलला जाऊन साखरपुड्याची तारीख काढू. भाडं मात्र निम्मं निम्मं."