व्हर्नाच्या टेबलाचा ठराव

लाइल हचिन्सनं नोटिशीचा कागद उलगडला, चष्मा नाकावर चढवला आणि वाचायच्या आधी केकचा मोठा तुकडा तोंडात टाकला. तिथंच त्याचं चुकलं.

त्याआधी दहा मिनिटं तो फडाफडा बोलत होता. बाहेर वायोमिंगचा वारा व्हर्नाच्या ट्रेलरला, त्या चाकांवरच्या घराला, ढुशा देत होता आणि आत वसाहतीची कमिटी गुडघ्याला गुडघा लावून सोफ्यावर बसली होती. अध्यक्ष लाइल, चर्चच्या गाण्यातली नॉर्मा आणि कानानं अधू असलेला हार्लन. बाकीच्यांच्या घरात जिथं टीव्ही असतो, तिथं व्हर्ना टॉलेफसनचं टेबल होतं. टेबलावर घरच्या घरी काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र, बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा आणि शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा रिकाम्या पितळी पुंगळ्या, घासूनपुसून लखलखीत.

"व्हर्नाबाई, ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची वसाहत आहे, लष्कराची छावणी नाही," लाइल म्हणाला होता. "कलम चौदा. धोकादायक छंद. आठ दिवसांत टेबल बाहेर, नाहीतर तुम्ही बाहेर."

"अध्यक्षसाहेब, तुमच्या पायरीखाली बार्बेक्यूचे चार सिलिंडर झोपलेत. त्यांना दिलीत का नोटीस?"

"तो स्वयंपाक झाला."

"मग हाही स्वयंपाकच. दुकानातलं काडतूस उडवलं की खांदा निखळतो माझा. म्हणून मी घरी बेताची दारू घालून भरते. शहात्तर वर्षांच्या बाईच्या खांद्याचं माप कुठल्या दुकानात मिळतं, सांगा ना. यंदाच्या शिकारीतलं एल्क हरीण मी माझ्याच काडतुसानं पाडणार. तुमच्या नाकावर टिच्चून."

"नाक सोडा हो, कलम बघा!" लाइल गरजला आणि त्यानं कागद काढला. तेवढ्यात व्हर्नाची धाकटी बहीण आर्डिस स्वयंपाकघरातून अक्रोडाचा केक घेऊन आली.

आर्डिसचा केक काउंटीच्या जत्रेत तीनदा पहिला आला होता. चौथ्यांदा दुसरा आला, तर त्या परीक्षकाला गाव सोडावं लागलं. केक वाढून झाला की आर्डिस बसत नाही. हातात सुरी घेऊन समोर उभी राहते आणि एकेकाचं तोंड बघते.

कर्र्र.

लाइलचा जबडा जागच्या जागी थांबला. मग नॉर्माच्या तोंडातून तसाच आवाज आला. हार्लननं मान वर केली. त्यालासुद्धा ऐकू गेलं होतं.

"बाहेर कुणी खडी ओततंय काय?"

व्हर्नानं एक घास घेतला आणि तिला सगळं कळलं. पुंगळ्या लखलखीत करायला ती एका फिरत्या डब्यात घोळवते. डब्यात असतो अक्रोडाच्या टरफलांचा भरडा. हा भरडा पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला विकतात, तिथूनच ती आणते. परवा नवी पिशवी फोडली, उरलेला भरडा कॉफीच्या डब्यात ओतला, वर स्वतःच्या हातानं 'अक्रोड' असं लिहिलं आणि डबा ठेवला कुठं, तर स्वयंपाकघरातल्या फळीवर. आर्डिसनं अक्रोड म्हणून तोच केकात घातला होता. भरडा कोरा, पुंगळ्यांना न लागलेला होता, एवढीच देवाची कृपा.

खरं सांगितलं असतं तर लाइलला हवं ते आयतं मिळालं असतं. काडतुसांचं सामान पिठाच्या शेजारी! चौदाच्या जोडीला आणखी दोन कलमं लागली असती.

व्हर्नानं लाइलच्या डोळ्यांत डोळे घातले आणि चावायला लागली.

"आर्डिस, काय हात बसलाय गं यंदा! अजून एक दे."

"खरंच? मला वाटलं, जरा कोरडा झालाय."

"छे! खुसखुशीत झालाय."

नॉर्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"आईची आठवण आली ना गं?" आर्डिसनं विचारलं. नॉर्मानं होकारार्थी मान डोलावली. रविवारी तिला आर्डिसच्या शेजारी उभं राहून गायचं होतं.

"कवम चोवा..." लाइलनं वाचायला सुरुवात केली. खालची कवळी वरच्या कवळीला सोडून भलतीकडे निघाली होती. त्यानं आशेनं कागदी रुमालाकडे पाहिलं.

"आवडला नाही का?" आर्डिसनं सुरी हातातल्या हातात फिरवली.

लाइलनं जोरजोरात मान हलवली आणि बशीत उरलेलाही तुकडा तोंडात कोंबला.

व्हर्नानं कॉफीचा एक मोठा घोट घेऊन सगळा ऐवज खाली ढकलला. तिच्या तोंडात स्वतःचे अकरा दात शिल्लक होते, त्यातला एक आत्ताच हलला. हलेना का. तिनं लाइलच्या मांडीवरचं नियमांचं पुस्तक उचललं आणि पानं उलटली.

"'निर्णय रहिवाशासमोर, हात वर करून घ्यावा.' तुम्हीच छापलंय हं हे, अध्यक्षसाहेब. त्याआधी कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्या. पण तोंड उघडून, स्पष्ट बोला. आर्डिस ऐकतेय."

खोलीत नुसता दळणाचा आवाज येत होता. लाइलनं कवळी जागेवर दाबून धरायला हात तोंडाशी नेला. नॉर्मानं ओठांवर रुमाल धरला. हार्लन बोट घालून दाढेतलं काहीतरी उकरत होता.

"टेबल राहू द्या म्हणणाऱ्यांनी हात वर करा," व्हर्ना म्हणाली आणि लगेच मोजायला लागली. "एक, दोन, तीन. जरा खाली आहेत, पण चालतील."