नंदिनीच्या घरचं

"सुकी मासळी अजिबात नको," श्रीरंगने पुन्हा बजावलं. "आणि ती कोळंबीची आंबवलेली वडीही नको."

झैनाबने हातातला झारा खाली ठेवला. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या तिच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात नारळाच्या दुधातला भात शिजत होता. घरापासून तुटलेल्या मलेशियन पोरांना ती शनिवार-रविवारी स्वस्तात पोटभर जेवू घालायची. तिचा पत्ता शिवांगीने दिला होता. ही श्रीरंगची भाची, म्युनिकला शिकायला. त्याआधी श्रीरंगने म्युनिकमधली मलेशियन म्हणवणारी हॉटेलं पालथी घातली होती. तिथे भातावर बाटलीतला सॉस ओतून मिळाला आणि बिल पाहून डोळे पांढरे झाले. नाव मोठं, लक्षण खोटं.

हे सगळं नंदिनीसाठी चाललं होतं. नंदिनी त्याची बायको, मूळची मलेशियातल्या इपोहची तमिळ. कॅन्सरच्या उपचारांनी तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. वजन आणखी उतरलं तर पुढची केमो देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. श्रीरंगने काल मऊ भात केला, मेतकूट कालवलं, वर तूप सोडलं. तिने घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"मला घरचं खावंसं वाटतंय," ती म्हणाली.

"अगं, हे घरचंच आहे."

"माझ्या घरचं," ती म्हणाली. काही वावगं मागितल्यासारखी तिने लगेच मान खाली घातली.

"मासळी नाही, वडी नाही. मग सांबालमध्ये घालू तरी काय?" झैनाबने विचारलं.

भाताबरोबरच्या त्या तिखट चटणीत काय घालायचं, ते श्रीरंगला तोंडपाठ होतं. शेंगदाण्याचं जाडसर कूट, चिंच, गूळ आणि उतरवताना चमचाभर गोडा मसाला. नंदिनी रविवारी असंच करायची. त्याच्या आईलाही फार आवडायचं. 'सून परदेशची, पण हाताला चव आपली,' असं आई फोनवर मावशीला कौतुकाने सांगायची. गोडा मसाला म्हणजे काय, हे त्याने झैनाबला आपल्या जर्मनमध्ये नीट समजावून दिलं.

"अगदी अस्सल इपोहचं," तो म्हणाला.

झैनाब हसली नाही. "बायको तुमची इपोहची," ती म्हणाली. "मग हे कुणाच्या घरचं?"

श्रीरंग उत्तर द्यायला गेला आणि त्याला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी इपोहहून नंदिनीच्या आईने एक पुडकं पाठवलं होतं. नंदिनीने आनंदाने त्यातली कोळंबीची वडी तव्यावर परतली आणि त्याने नाक दाबलं. तो रागावला नव्हता. समजूतदारपणे एवढंच म्हणाला होता, "आई यायचीये, तोवर हे घरात नको." आई आली, राहिली, गेली, दर उन्हाळ्यात येत राहिली. पुडकं पुन्हा कधी दिसलं नाही. सासुरवाडीलाही त्याच्यापुढे शाकाहारी बेतच यायचा. त्याला वाटायचं, ही माणसं असंच जेवतात. जावई येणार म्हणून अख्खं घर मासळी लपवतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. नंदिनी मराठी शिकली, 'अहो' म्हणायला शिकली, पुरणपोळीसुद्धा शिकली. हिला आमच्यात काही वेगळं वाटतच नाही, असं तो चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगायचा. तिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुमच्या आईने केलं असतं तसं करा," तो झैनाबला म्हणाला. "सगळं घालून."

इंगोलश्टाटला घरी परतताना आगगाडीत त्याने डबा मांडीवर धरला. झाकण घट्ट होतं, तरी वास बाहेर आलाच. समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. श्रीरंगला तिचा राग आला, आणि मग आपण कोणत्या तोंडाने रागावतोय, हेही कळलं.

घरी नंदिनी सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. त्याने डबा तिच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. तळलेली मासळी, लालभडक सांबाल, नारळाचा भात. वास खोलीभर पसरला. नंदिनी उठून बसली. तिने बोटाने सांबाल चाटलं, डोळे मिटले आणि "अम्मा" म्हणाली. एवढ्या आजारपणात ती रडली नव्हती, आता रडत होती. मग तिने भात कालवून एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. आता जेवेल ही, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या घासाला तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. घास तिथेच थांबला. तिने तो डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग पांघरूण बाजूला सारून ती उठली, भिंतीला धरत खिडकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी जोर लावून तिने खिडकी उघडली. बाहेर जानेवारीचा बर्फ पडत होता. थंडीने तिचे ओठ थरथरू लागले.

"मला चालतो गं वास," असं श्रीरंगला म्हणायचं होतं.

"आधी वास जाऊ दे हं, अहो," ती म्हणाली. "मग जेवते मी."