नेट अडकतंय

"गेमिंगचं नेटवर्क कार्ड आहे का? सगळ्यात भारी असेल ते द्या," दुकानाची पायरी चढता चढताच मेश्रामकाकांनी सांगून टाकलं. बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधून शोधून ते घामाघूम झाले होते.

"नातवासाठी?" काउंटरमागच्या उत्कर्षाने विचारलं.

"माझ्यासाठी."

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने लाल-काळं खोकं काढून काचेवर ठेवलं, किंमत सांगितली आणि कोणी विचारलेलं नसताना सल्लाही दिला, की हे घेऊ नका. कॉम्प्युटरमध्ये मुळात असतं तेच कार्ड गेमला पुरतं, यात लाल दिवे तेवढे जास्त. धंद्याला बसलेल्या माणसाने असं बोलू नये, पण उत्कर्षाला थापा मारून माल खपवायचा मनापासून कंटाळा होता.

काकांना सल्ला नको होता. कार्ड हवं होतं, आणि आजच हवं होतं, कारण उद्या रविवार. दर रविवारी दुपारी धायरीतून ते आणि म्युनिकहून त्यांची मुलगी निकिता, असे दोघं मिळून गेममधलं एक हॉटेल चालवत. ती भाज्या चिरायची, ते ताटं लावायचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या या माणसाला आठवडाभर दुसरं काही सुचत नसे. पण हल्ली जरा कुठे खेळ रंगतो न रंगतो, तोच ती म्हणायची, "बाबा, तुमचं नेट अडकतंय. पुढच्या रविवारी बघू." आणि निघून जायची. काकांना स्वतःला कधी काही अडकलेलं दिसलं नव्हतं. पण पोरगी इंजिनिअर, तिला दिसत असणार.

हे सगळं त्यांनी या पायावरून त्या पायावर होत, उभ्याउभ्याच सांगितलं. वायर बदलून झाली होती. राउटर टीव्हीमागून काढून कॉम्प्युटरला खेटून ठेवला होता. कंपनीचा माणूस दोनदा येऊन सगळं ठीक आहे म्हणून गेला होता, तेव्हा काका त्याच्यावरच उखडले होते. आता राहिलं होतं हे कार्ड.

नेमकं काय अडकतं ते कळल्याशिवाय मी काही देणार नाही, उत्कर्षा म्हणाली. मुलीला विचारू या. काकांनी लगेच फोन लावून तिच्या हातात दिला. दारात एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, म्हणून तिने स्पीकर सुरू केला आणि फोन काचेवर ठेवला. आपण दुकानातून बोलतोय, बाबांना महागाचं गेमिंग कार्ड हवंय, असं सांगताच पलीकडून घाईघाईने आवाज आला.

"त्यांना ते विकू नका, प्लीज. उगाच पैसे घालतील. नेट चांगलं आहे त्यांचं."

"मग अडकतं काय?"

"काहीच नाही. कंटाळा येतो हो मला. रविवारी माझंही काही असतं. पण त्यांना तोंडावर कसं सांगू?" मग आवाज एकदम खाली आला. "बाबा जवळ आहेत का?"

स्पीकर बंद करायला उत्कर्षाने हात पुढे केला, तोवर काकांनी फोन उचलला होता. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला एवढ्याशा दुकानात कुठे जागाही नव्हती.

"हॅलो? निकिता? काही ऐकू येत नाहीये बघ. तुझा आवाज तुटतोय. उद्या बोलू."

त्यांनी फोन खिशात घातला. टेम्पो एव्हाना निघून गेला होता. उत्कर्षाने खोकं पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

"घेऊन बघा, काका," ती म्हणाली. "पडेल फरक याने."

काकांनी खोकं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत काचेवर ठेवलं.

"नको बाई. नेट सुधारलं, तर तिने मधेच उठायचं कसं?"