दाराबाहेरच्या चपला

बदली होऊन चाकूरला आलेली लुंबिनी सिस्टर भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची. दूधवाला असो की शेजारचा, जो तो दारात रेंगाळत विचारायचा, "एकट्याच का मॅडम?"

शेवटी तिनं आपल्या गावाहून, उमरीहून, वर्षापूर्वी वारलेल्या बाबांच्या चपला आणून दाराबाहेर ठेवल्या. कुणीतरी वापरतंय असं वाटावं म्हणून रोज सकाळी त्या थोड्या सरकवायची. दूधवाला पिशवी कडीला अडकवून मुकाट जायला लागला.

आठव्या दिवशी घरमालकीण दारात हजर. "एकटीच हायस म्हणून खोली दिली होती बाई तुला. ह्या गडीमाणसाच्या चपला कुणाच्या?"

"माझ्या बाबांच्या हायत, काकू."

काकूंनी तिच्या खांद्यावरून आत डोकावलं.



"मग बोलव की त्यांना बाहेर."